एक पार्ट, बावीस मिनिटं आणि आईचा मिक्सर

आधीच सांगून ठेवतो, ह्यात आउटर वाइल्ड्स ह्या गेमचे भरपूर स्पॉयलर आहेत. शेवट सांगणार नाही पण शेवटाच्या दारापर्यंत नेणार आहे, तेव्हा ज्यांना खेळायचाय त्यांनी इथंच थांबा, गेम खेळा, महिनाभरानं परत या. आणि शोधताना नाव नीट बघा. त्याच वर्षी म्हणजे २०१९ ला आउटर वर्ल्ड्स नावाचा पण एक गेम आला होता, त्याच्यात बंदुका आहेत, ह्याच्यात एक पण नाही. माझ्या एका मित्रानं तो दुसराच घेतला आणि आठवडाभर मला विचारत होता की ते शेकोटीवालं गाव कधी येतंय म्हणून.

तर पार्ट.

स्पेसशिपचा पार्ट म्हटलं की माझ्या वयाच्या पोरांना पहिला जीटीए फाईव्ह हा गेमच आठवणार. त्याच्यात वाळवंटात ओमेगा नावाचा एक येडपट माणूस भेटतो, फ्रँकलिनला, म्हणजे खेळताना आपल्यालाच, म्हणतो की यानाचे तुकडे सगळ्या मॅपभर पडलेत, गोळा करून दे. तुकडे किती, तर ५०. मी कॉलेजला असताना टिळकवाडीत एका मित्राच्या रूमवर, मोबाईलवर यूट्यूबचा व्हिडिओ लावून, एका हातानं तो पॉज करत आणि दुसऱ्या हातानं माऊस धरून सगळेच्या सगळे ५० गोळा केलो. (हो, 'केलो'. बेळगावात 'मी केलो' असंच म्हणतात, पुण्याच्या मंडळींना हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं अजून येणार आहे.) जवळ गेलं की एक घुमल्यासारखा आवाज यायचा, तुकडा चमकत असायचा, त्याच्या अंगावर चालत गेलं की उचलला. सगळे झाले की स्पेस डॉकर नावाची गाडी मिळते, बगीसारखी उघडी, विचित्र आवाज करणारी. दोन दिवस फिरवलो आणि सोडून दिलो. त्या ५० मधला एक तरी तुकडा नेमका काय होता, यानात कुठं बसत होता, हे आज कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. ३७ चे ३८ झाले की मी खूश, बास.

हे एवढं का खुपतंय ते सांगतो. मी बेळगावच्या उद्यमबागेत व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर आहे. बाहेरच्या लोकांना बेळगाव म्हटलं की कुंदा आणि सीमावाद एवढं दोनच माहीत असतं, पण इथं घरटी एक माणूस फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये नाहीतर हायड्रोलिकच्या कामात असतो, आणि तिकडं हत्तरगीच्या सेझमध्ये तर विमानाचे पार्ट बनतात. आमच्याकडं ड्रॉइंग येतं, त्याच्यावर नाव नसतं, नंबर असतो. आम्ही बोअर मारतो, मायक्रोमीटर लावतो, साईज आली की तेल लावून पेटीत ठेवतो. तो पार्ट पुढं ट्रॅक्टरात जातो की जेसीबीत की कुठं, बऱ्याचदा मेस्त्रीला पण पत्ता नसतो. सात वर्षं झाली, हजारो पार्ट हातातनं गेले असतील, आणि त्यातला एकही मी कुठं बसलेला बघितलेला नाही. त्यामुळं ज्या गेममध्ये एकच पार्ट आणायचाय, आणि तो काय करतो हे कळल्याशिवाय तो सापडतच नाही, तो गेम मला चावणारच होता.

आउटर वाइल्ड्स असा आहे. तुम्ही टिंबर हार्थ नावाच्या एका छोट्या ग्रहावरचे चार डोळ्यांचे निळसर गडी. झाडांचं गाव, शेकोटी, आणि तुमचं पहिलंच उड्डाण. यान लाकडी फळ्यांचं, आपल्या इथल्या वेल्डिंगवाल्यानं रविवारी सुट्टीत बनवल्यासारखं. शेकोटीवर मार्शमेलो भाजून खायचा, जास्त वेळ धरला की पेटतो. मला मार्शमेलोचं काही कौतुक नाही, उचगावला मामाच्या शेतात रताळी भाजून खाल्लेला माणूस आहे मी, पण जाळात काठी धरून गप्प बसायचं सुख तेच आहे. सगळी सूर्यमाला एवढीशी, एका ग्रहावरनं दुसऱ्यावर एखाद-दुसऱ्या मिनिटात जाता येतं. आणि २२ मिनिटांनी सूर्य फुटतो. सगळं निळंपांढरं होतं, तुम्ही मरता, आणि डोळे उघडले की परत तीच शेकोटी, परत तीच रात्र. तुमच्याजवळ काहीही उरत नाही, ना सामान ना पैसे ना पॉवर. उरतं फक्त जे तुम्ही वाचलं, बघितलं ते. यानात एक नोंदवही असते, त्याच्यात सगळे धागेदोरे जोडून दिसतात, ती तेवढी टिकते.

मूळ हा कॉलेजातला प्रोजेक्ट होता, ॲलेक्स बीचम नावाच्या पोराचा, अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत मास्टर्सचा थिसिस म्हणून केलेला. पुढं मोबियस डिजिटलनं पूर्ण केला आणि २०२० ला ह्याला बाफ्ताचं बेस्ट गेमचं बक्षीस मिळालं. आमच्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टला आम्ही भाजी कापायचं मशीन केलो होतो, ते व्हायवाच्या दिवशी पण चाललं नाही.

पहिले काही दिवस मी नुसता मरत होतो. ऑटोपायलट लावायचो आणि नोंदवही वाचत बसायचो, आणि ऑटोपायलट मला सरळ सूर्यात घेऊन जायचा, कारण त्याला वाटेत सूर्य आहे ह्याचं काही देणंघेणं नाही, त्याला सरळ रेष कळते फक्त. लँडिंगची तर बातच सोडा. इथं हवा नाही, म्हणजे वेग घेतला की तो आपोआप कमी होत नाही, उलट जोर लावून तो मारावा लागतो. शिफ्टला माझ्याबरोबर गोकाकचा एक दोस्त आहे, त्याच्या घरी ऊसाचा धंदा, त्याला मी हे सांगितलो तर तो लगेच म्हणाला की हे तर दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरासारखं झालं, उतारावर ब्रेक आठवायच्या आधी मारायचा असतो. त्यानंतर मला जमायला लागलं. खरंच.

आता तो पार्ट काय ते.

लाखो वर्षांपूर्वी ह्या सूर्यमालेत नोमाई नावाचे लोक आले होते. डोक्यापासून पायापर्यंत लव, तीन डोळे, आणि विलक्षण हुशार. ब्रह्मांडाहूनही जुना असा एक सिग्नल त्यांना लागला, त्याच्यामागं ते घाईघाईनं झेप घेऊन आले आणि त्यांचं मोठं यान, व्हेसल, डार्क ब्रॅम्बल नावाच्या काटेरी जाळीत अडकलं. छोट्या यानांतनं जे सुटले ते इथल्याच ग्रहांवर राहिले, पिढ्यानपिढ्या. त्यांच्या भिंतींवर सगळीकडं लिहून ठेवलेलं आहे, गोल गोल वळणाच्या अक्षरात, आणि एकाच्या बोलण्याला दुसऱ्याचं उत्तर फांदीसारखं फुटतं. भांडणं आहेत, थट्टा आहे, कोण कुणावर जीव टाकतंय ते पण आहे. ते सगळं वाचत वाचत जायचं. मिशन नाही, बाण नाही, 'इथं जा' म्हणणारा कोणी नाही.

त्यांना परत उडी मारायची म्हणजे वॉर्प कोअर लागतो. ब्रिटल हॉलो नावाच्या ग्रहाच्या पोटात त्यांचं लोंबतं शहर आहे आणि त्याच्या खाली काळ्या भोकाची भट्टी. भट्टी! उद्यमबागेतल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल विचार करा. तिथं ते कोअर बनवायचे. एका बाजूला काळं भोक, दुसऱ्या बाजूला पांढरं, इकडून गेलेली वस्तू तिकडून निघते. आणि एकदा कुणाच्या तरी ध्यानात आलं की वस्तू तिकडून बाहेर यायची वेळ ही इकडून आत जायच्या वेळेच्या अगदी केसभर आधीची आहे. केसभर. रीडिंग चुकलं म्हणून कुणी फाडून टाकलं नाही. एंबर ट्विन नावाच्या ग्रहावर प्रयोगशाळा बांधली आणि बघितलं की ताकद वाढवली की हा केसभर फरक वाढतो. मग हिशोब मांडला, २२ मिनिटं मागं जायला किती ताकद लागेल, तर अख्खा सूर्य फुटल्याएवढी. तेवढ्यासाठी ॲश ट्विन नावाच्या ग्रहाचं पोट पोकळ करून त्यांनी मशीन बसवलं, आणि त्या मशीनच्या मधोमध एक भारी कोअर. माझी प्रत्येक शेकोटी, प्रत्येक परत जागं होणं त्या एका पार्टच्या जिवावर चाललेलं.

हे कळलं त्या रात्री मी कॉम्प्युटर बंद करून गच्चीवर गेलो. पाऊस होता, तसाच पत्र्याखाली उभा राहिलो. आमच्या शॉपला असा एक म्हातारा मेस्त्री होता, मशीन काही तरी वेगळा आवाज करतंय म्हणाला की दोन मिनिटं सगळे हसायचे आणि तिसऱ्या मिनिटाला बेअरिंग जायचं. केसभर फरकाला मान देणारी माणसं कमी असतात.

आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. व्हेसलचा स्वतःचा कोअर तेव्हाच फुटला होता. बाकी सगळं यान शाबूत, त्या काटेरी जाळीत पडलेलं. म्हणजे ॲश ट्विनच्या पोटातला कोअर काढायचा, डार्क ब्रॅम्बलमध्ये न्यायचा, व्हेसलमध्ये बसवायचा. गेम हे कुठंच सांगत नाही. एक वाक्य इथलं, एक तिथलं, आणि मधली जोडणी आपण करायची. फक्त काढला की लूप, म्हणजे ही मरून परत जागं व्हायची फेरी, बंद, मग मेलो तर मेलो.

काढणं एवढं सोपं नव्हतं हे सांगायला नको.

ॲश ट्विन आणि एंबर ट्विन हे दोन जुळे ग्रह एकमेकांभोवती फिरतात आणि एकावरची वाळू खांबासारखी दुसऱ्यावर ओतत राहते, वाळूच्या घड्याळासारखी. सुरुवातीला ॲश ट्विन पूर्ण गाडलेला, वाळू उतरेल तसे त्याचे मनोरे उघडे पडतात. एकेका मनोऱ्यात एक एक चौथरा, त्याच्यावर उभं राहिलं की तुम्ही दुसऱ्या ग्रहावर, पण तो ग्रह बरोबर डोक्यावर आला पाहिजे तेव्हाच. पोटात नेणारा चौथरा ज्या मनोऱ्यात आहे त्याचं छत तुटलेलं, आणि त्याची वेळ कोणती, तर तो वाळूचा खांब नेमका डोक्यावरनं जातो तेव्हा. म्हणजे ज्या क्षणी तिथं उभं राहायला पाहिजे त्याच क्षणी वाळू तुम्हाला वर ओढून नेते. पहिल्यांदा मी चौथऱ्यावर शहाण्यासारखा आधीच जाऊन उभा राहिलो, खांब आला आणि मला काडीसारखा उचलून दुसऱ्या ग्रहाकडं फेकला. दुसऱ्यांदा पण तेच. तिसऱ्यांदा भिंतीच्या आडोशाला दबून बसलो आणि खांब पुढं जाईपर्यंत बसूनच राहिलो, भीतीनं. चौथ्यांदा जमणार होतं, खांब येऊलालाय, येऊलालाय, मी पाय उचलला आणि लाईट गेली. बेळगावचा जुलै. यूपीएस नावाची एक पेटी टेबलाखाली आहे, ती दोन वर्षांपासून नुसती शिटी मारते.

शेवटी रविवारी दुपारी जमलं. आडोशाला उभं राहायचं, वाळू आत यायला लागली की आवाज बदलतो, मनात एक दोन म्हणायचं आणि चौथऱ्यावर पाऊल टाकायचं. झप्प करून आत.

आत काय आहे ते कसं सांगू. पोकळ गोळ्याच्या आतल्या बाजूनं चालता येतं, डोक्यावर पण जमीनच. भिंतींवर मुखवटे, त्यातले तीनच पेटलेले, त्यातला एक माझा. माझ्या सगळ्या आठवणी त्यातनं मागं जात होत्या. आणि मधोमध तो कोअर. नोमाईंची बटनं नसतात, एक गोळा असतो, नजरेनं खाचेतनं सरकवायचा. सरकवलो. आवरण उघडलं. हात पुढं केलो, काढलो.

सगळा आवाज बंद झाला. शॉपमध्ये दिवसभर कॉम्प्रेसर चालू असतो तेव्हा तो ऐकू येत नाही, संध्याकाळी बंद केल्यावर कळतं की एवढा वेळ किती आवाज होता, तसं. आणि मग हळूहळू म्युझिक सुरू झालं, जे त्या आधी कधीच वाजलं नव्हतं. त्या ५० तुकड्यांपैकी एकालाही उचलताना माझे हात थरथरले नव्हते. इथं एवढासा चमकता दांडा हातात आणि मला पुढचं दिसेना.

ती पहिली फेरी मी हरलो, आणि ती हरण्याची गोष्ट खरं तर ह्या पोस्टमधली सगळ्यात लाजिरवाणी आहे.

डार्क ब्रॅम्बल बाहेरनं जेवढी दिसते त्यापेक्षा आतनं मोठी आहे. आत नुसतं धुकं. जुलैत चोर्ला घाटातनं गोव्याकडं गेला असाल तर तुम्हाला माहीत आहे, समोर दोन पिवळे दिवे दिसतात आणि ते ट्रकचे आहेत की वळणावरच्या टपरीचे ते जवळ जाईपर्यंत कळत नाही. इथं तसंच, धुक्यात दिवा दिसतो, तो पुढच्या खोलीचं तोंड असेल नाहीतर अँगलरफिशच्या डोक्यावरचा दिवा असेल. मासा यानाच्या कितीतरी पट मोठा, एका घासात यान.

पण हे मासे आंधळे आहेत. हे कुठं कळतं माहीत आहे? एंबर ट्विनवर एका गुहेत अशाच एका माशाचा सांगाडा आहे, तिथं नोमाईंची पोरं खेळायची आणि खेळाचे नियम भिंतीवर लिहून ठेवलेत. एकानं डोळे बांधून मासा व्हायचं, बाकीच्यांनी आवाज न करता त्याच्या बाजूनं निसटायचं. मी ते वाचून ओरडलोच, अरे ही तर आंधळी कोशिंबीर! लाखो वर्षांपूर्वीची पोरं, तीन डोळ्यांची, आंधळी कोशिंबीर खेळून मला जीव वाचवायची युक्ती सांगून गेलीत. सगळ्या गेममध्ये मला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

तर युक्ती अशी की तोंडाशीच हवा तेवढा वेग घ्यायचा, दिशा धरायची, आणि हात सोडायचा. इंजिन बंद. वेग आपोआप कमी होत नाही, जे सुरुवातीला आपल्याला नडत होतं तेच आता कामाला येतं. तीन मासे असलेली एक खोली आहे, त्यांच्या मधनं असंच तरंगत जायचं.

माझ्या बहिणीचा मुलगा निपाणीहून आला होता, तो शेजारी बसलेला. मी त्याला दम देऊन ठेवलो होतो की एक शब्द काढायचा नाही. दोघंही श्वास धरून. डाव्या बाजूला एक दिवा, उजव्या बाजूला एक, यान त्यांच्या मधनं सरकतंय, माशाचे दात दिसतायत. आणि आईनं स्वयंपाकघरात मिक्सर लावला.

आईच्या मिक्सरचा आवाज गेमातल्या माशाला ऐकू जात नाही हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. मी दचकलो आणि बोट थ्रस्टरच्या, म्हणजे इंजिनाच्या बटनावर पडलं. फक्त एक टिचकी. उजवीकडचा दिवा वळला.

यान गेलं, मी गेलो, शेकोटी आली नाही. लूप मीच बंद केलो होतो ना. गेम संपला, मेनूत जाऊन परत चालू करावा लागला. भाचा माझ्याकडं बघतोय, मी स्क्रीनकडं. आतून आईचा आवाज, "जेवायला येतोस की नाही, भाकरी गार होऊलालेत, चटणी वाटून ठेवलोय."

भाकरी, चटणी आणि बटाट्याचा रस्सा खाऊन परत बसलो. हे पण सांगायलाच पाहिजे, उपाशीपोटी अंतराळात जाऊ नये.

परत जायच्या आधी एक काम राहिलं होतं. व्हेसल चालू झाली तरी तिला कुठं जायचं ते सांगावं लागतं. ते आकडे नाहीत, तीन आकृत्या आहेत, षटकोनाच्या कोपऱ्यांवरनं काढलेल्या रेघा. त्या जायंट्स डीप नावाच्या पाण्याच्या ग्रहाच्या तळाशी मिळतात, तिथं वादळंच वादळं, त्यातलं उलटं फिरणारं एक तेवढं खाली नेतं. ते मी दोन रात्रींपूर्वीच करून आलो होतो आणि भाच्यानं त्या आकृत्या त्याच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर स्केचपेननं काढून ठेवल्या होत्या, पट्टी लावून, प्रत्येकीला एक दोन तीन नंबर टाकून. पोरगं ड्राफ्ट्समन होणार. ते पान फाडून मॉनिटरला सेलोटेपनं चिकटवलं.

संध्याकाळी पाचला परत निघालो. ॲश ट्विनवर वाळू उतरायची वाट बघायला थोडा वेळ असतो, तेवढ्यात मी सिग्नलस्कोप काढून ऐकत बसलो. हे एक दुर्बिणीसारखं ऐकायचं यंत्र. वेगवेगळ्या ग्रहांवर आपलेच प्रवासी बसलेत, कोणी बँजो वाजवतोय, कोणी बासरी, कोणी ढोल, कोणी माऊथ ऑर्गन, एक जण नुसता शिट्टी घालतोय. आकाशात नीट नेम धरला की सगळे एकाच वेळी ऐकू येतात, आणि कळतं की हे सगळे एकच गाणं वाजवतायत, एकमेकांपासून एवढ्या लांब बसून. आमच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले असं आजोबा अभिमानानं सांगायचे आणि मला गाण्यातलं काही कळत नाही म्हणून हळहळायचे. आजोबांना हे ऐकवायला पाहिजे होतं.

मनोरा, आडोसा, एक दोन, चौथरा. आत. गोळा सरकवला, कोअर काढला, कॉम्प्रेसर बंद. बाहेर आलो, यानात बसलो. ह्या वेळी ऑटोपायलट लावायच्या आधी सूर्य कुठं आहे ते बघितलो, मध्येच होता, म्हणून हातानंच बाजूनं काढून मग लावलो. भाच्यानं स्वतः उठून खोलीचं दार बंद केलं, आणि आत जाऊन आजीला सांगून आला की मिक्सर लावायचा नाही, मासे आहेत. आई काय समजली देव जाणे, पण म्हणाली, "श्रावणात मासे कुठनं आणलासा?"

डार्क ब्रॅम्बलच्या तोंडाशी थांबलो. तीन माशांच्या खोलीत शिरायच्या आधी वेग घेतला, जरा कमीच, आणि माऊस कीबोर्ड दोन्ही सोडून हात मांडीवर ठेवले. म्हणजे दचकलो तरी काही दाबलं जाणार नाही. एवढी साधी गोष्ट आधी का सुचली नाही. शॉपमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात, मशीन चालू असताना हात मागं.

सरकतोय. पहिला दिवा. माशाचा डोळा पांढरा, मेल्यासारखा. दुसरा दिवा एवढा जवळनं गेला की भाच्यानं माझा दंड धरला. तिसरा खालून. मग धुकं, मग समोर एक तोंड, आणि त्याच्यापलीकडं व्हेसल. केवढी मोठी, काट्यांनी गुंडाळलेली, लाखो वर्षं तशीच.

आत पोचून जिथं कोअर बसतो ती जागा शोधलो. जुना कोअर अजून तिथंच होता, निकामी. तो आधी काढावा लागतो. मी तो काढून बाजूला ठेवलो, फेकलो नाही. आमच्याकडं रिजेक्ट पार्टला लाल ट्रे असतो, त्याच्यात पण नीट ठेवायचा असतो, फेकला तर मेस्त्री शिव्या देतो. मग नवा बसवलो. बसला. कुठं ढिला नाही, कुठं घासला नाही. सगळी व्हेसल हळूहळू उजळली.

ज्यांनी तो बनवला त्यांच्यातल्या कुणालाच हे बघायला मिळालं नव्हतं. मी बघत होतो, अनगोळात घरी, पावसात, पंख्याखाली.

भाचा पान वाचत होता आणि मी गोळा सरकवून रेघा काढत होतो, पहिली, दुसरी, तिसऱ्यात एक कोपरा चुकला म्हणून परत काढली. वेळ किती उरला होता मला माहीत नाही, बघितलोच नाही. सगळं झाल्यावर शेवटचा गोळा सरकवायचा तेवढा राहिला होता.

"मामा, आता गाडी घावणार काय?" त्याला मी जीटीएची गोष्ट सांगितलो होतो.

"नाही रे."

"मग काय घावणार?"

"गप्प बस की. मासे आहेत."